नक्कल झाली, जुने पुसायचे कधी?

अमेरिकेतल्या डॅलस शहरात ऑगस्ट २०२१ मध्ये खुनाच्या एका आरोपीला तुरुंगातून सोडावे लागले. खटला उभा राहायच्या बेतात होता. पण आपल्याकडचा पुरावा शाबूत आहे की नाही, हेच सरकारी पक्षाला खात्रीने सांगता येईना. त्याच वर्षी मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीच्या दिवसांत शहराच्या संगणक विभागात पोलिसांच्या जुन्या फाइली एका साठवणुकीतून दुसरीकडे हलवण्याचे काम चालू होते. त्या गडबडीत सुमारे २२ टेराबाइट माहिती पुसली गेली. १४ टेराबाइट परत मिळाली, आठच्या आसपास गेली. त्यातली बरीचशी कौटुंबिक हिंसाचाराच्या तपासाची होती.

कोणी घुसखोरी केली नव्हती, यंत्रही जळले नव्हते. कर्मचाऱ्याने ठरलेली पद्धत पाळली नाही, असे शहर प्रशासनाने सांगितले. घर बदलताना सामान नव्या जागी पोचल्याची खात्री न करता जुने घर पाडावे, तसा हा प्रकार.

माहितीचे स्थलांतर ऐकायला सोपे वाटते. सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या जोडणीवरून २२ टेराबाइट जायला हिशेबाने दोन दिवस लागतात. प्रत्यक्षात वेळ कितीतरी जास्त जातो, कारण प्रश्न फक्त वजनाचा नसून नगांचाही असतो. रुग्णालयातले उदाहरण घ्या. एका सीटी स्कॅनमध्ये शेकडो छेद असतात आणि बहुधा प्रत्येक छेदाची स्वतंत्र फाइल. प्रत्येक फाइल उघडायची, नव्या जागी तिच्या नावाची नोंद करायची, ती कोणाला पाहता येईल याचे नियम लावायचे, मग बंद करायची. एक मोठा चित्रपट झटकन जातो. तेवढ्याच आकाराच्या लाखभर चिठ्ठ्या मात्र रखडतात.

सगळे गेले, हे ओळखायचे कसे? नकलेची अनेक साधने एरवी फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ जुळते का, एवढेच पाहतात. घाईत ते पुरते, खात्रीला पुरत नाही. त्यासाठी ‘चेकसम’ काढतात. फाइलमधला सगळा मजकूर एका गणिती सूत्रातून गेला की ठरावीक लांबीचा एक आकडा हाती येतो. मजकुरातला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला, तरी तो आकडा पार बदलतो. दोन्हीकडचे आकडे जुळले, तरच नक्कल खरी. यासाठी सगळी माहिती पुन्हा वाचावी लागते, म्हणून वेळ कमी पडला की पहिली काट याच कामावर बसते.

नावांचीही गंमत असते, आणि ती मराठीला थेट लागू आहे. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता मिळून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण अनेक संगणकांच्या लेखी ती दोन वेगळी नावे. काही प्रणाली साठवताना एक रूप दुसऱ्यात बदलतात. मग फाइल पोचलेली असते, पण जुन्या नावाने शोधली की सापडत नाही.

शिवाय मधल्या काळात लोक काम थांबवत नाहीत. म्हणून आधी मोठी खेप, मग तेवढ्यात बदललेल्या फाइलींच्या छोट्या खेपा, आणि शेवटी एखाद्या रात्री सर्वांना थांबवून अखेरची फेरी. त्यानंतरही जुनी जागा काही काळ ‘फक्त वाचनासाठी’ राखून ठेवतात. त्या काळात दोन्हीकडचा खर्च चालू राहतो. वरिष्ठांना हेच खटकते.

पुसण्याची आज्ञा किती निसरडी असते, हे डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात दिसले. महासंगणकाच्या राखीव प्रती घेणाऱ्या आज्ञावलीत दहा दिवसांपेक्षा जुन्या नोंदी पुसण्याची सोय होती. वाचायला सोपी व्हावी म्हणून पुरवठादार कंपनीने ती सुधारली आणि जुनी चालू असतानाच तिच्या जागी नवी ठेवली. अशी आज्ञावली संगणक थोडी थोडी वाचत पुढे जातो. त्यामुळे उरलेला भाग नव्या फाइलमधून वाचला गेला. त्यात कुठले पुसायचे, ती जागा कोरीच राहिली. नोंदींऐवजी संशोधकांच्या फाइली जाऊ लागल्या: ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली. १४ संशोधन गटांना फटका बसला; त्यांपैकी चार गटांची माहिती राखीव प्रतींतूनही परत आणता आली नाही. कंपनीने पूर्ण जबाबदारी स्वीकारली.

डॅलसमध्ये फाइली गेल्याचे ५ एप्रिललाच लक्षात आले होते. जिल्ह्याच्या सरकारी वकिलांना ते कळले ऑगस्टमध्ये. पुढच्या तपासणीत गेलेल्या माहितीच्या आकड्यात आणखी भर पडली.