पॅकेट कुणाच्या मालकीचं?

फेब्रुवारी २०१७मध्ये लिनक्स कर्नलच्या नेटवर्किंग विभागातल्या एका फाइलमधून एक ओळ गेली आणि तिच्या जागी दोन ओळी आल्या. दहा वर्षांहून जास्त काळ उघडं राहिलेलं भोक तेवढ्यानं बुजलं. मशीनवर साधं लॉगिन असलेला कुणीही वापरकर्ता या भोकातून थेट रूट, म्हणजे त्या मशीनचा सर्वाधिकारी, होऊ शकत होता. ही चूक शोधणारे आणि दुरुस्त करणारे आंद्रे कोनोवालोव. दुरुस्ती दोन ओळींची असली, तरी त्या दोनच ओळी का पुरतात हे सांगायला मेमरीचा सगळा हिशेब मांडावा लागतो. या कामात खरं कसब लागतं ते तिथे.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. अँड्रॉइड फोनमध्ये आणि जगातल्या बहुतेक सर्व्हरवर तो लिनक्सचा असतो. वायरीवरून किंवा वायफायवरून आलेलं प्रत्येक पॅकेट आधी त्याच्या हाती पडतं. कर्नलमध्ये पॅकेट ठेवण्यासाठी एक रचना आहे, तिचं नाव एसके-बफ. तिथे काम करणारे सगळे तिला एसकेबी म्हणतात. पॅकेटचे बाइट कुठे सुरू होतात, कुठे संपतात, पुढे नवं हेडर चिकटवायला किती जागा मोकळी आहे, हे सगळं ती सांगते. वेग हवा म्हणून बाइट शक्यतो हलवायचेच नाहीत, फक्त पत्ते पुढेमागे सरकवायचे, अशी ही योजना आहे. एकच एसकेबी ड्रायव्हरकडून आयपीकडे, तिथून टीसीपीकडे, तिथून सॉकेटच्या रांगेत जाते. वाटेत फायरवॉल तिला पाहतो, पॅकेट टिपणारा एखादा प्रोग्रॅम तिची प्रत मागतो आणि ही प्रतही बऱ्याचदा मूळ बाइट सामाईकच ठेवते. हे सगळं अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी चालू असतं.

मग ती मेमरी मोकळी कुणी करायची? सी भाषा याचं उत्तर देत नाही, ते प्रोग्रॅमरनं सांभाळायचं असतं. उपाय म्हणून प्रत्येक एसकेबीत एक आकडा असतो: सध्या ती किती जणांच्या हातात आहे. घेणाऱ्यानं तो एकानं वाढवायचा, सोडणाऱ्यानं एकानं कमी करायचा, आणि शून्य झाला की मगच मेमरी परत करायची. वाड्यातून शेवटचा माणूस बाहेर पडल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, तसं. कुणी आकडा कमी करायला विसरलं, तर मेमरी अडकून पडते. कुणी आकडा न पाहताच मोकळी केली, तर ती जागा दुसऱ्याला दिली जाते आणि जुना धारक मात्र ती आपलीच समजून वापरत राहतो. दुसरी चूक फार घातक. हल्ला करणारा त्या मोकळ्या झालेल्या जागेत आपल्याला हवे ते बाइट पेरतो आणि कर्नल ते आपलेच समजून पाळतो.

२०१७ची चूक याच जातीची. डीसीसीपी नावाचा एक फारसा न वापरला गेलेला प्रोटोकॉल २००५मध्ये लिनक्समध्ये आला. त्यात नव्या जोडणीची विनंती घेऊन आलेलं पॅकेट काम झाल्यावर सरळ मोकळं केलं जाई. पण आयपीव्ही६ सॉकेटवर एक विशिष्ट पर्याय चालू असेल, तर विनंती हाताळणारा कोड त्या पॅकेटचा पत्ता पुढच्या वापरासाठी जपून ठेवी आणि नियमाप्रमाणे आकडाही वाढवी. त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं. चुकत होता तो विनंती हाताळून परतल्यावर चालणारा कोड. तो ज्या फंक्शनपर्यंत पोहोचे, त्याच्या नावाआधी दोन अंडरस्कोर आहेत. कर्नलच्या शिरस्त्यात याचा अर्थ साधारण असा, की हे आतलं, कच्चं फंक्शन आहे, तपासणी बोलावणाऱ्यानं करायची. ते आकडा बघतच नाही. कोनोवालोव यांनी तिथे 'कन्झ्यूम एसकेबी' हे फंक्शन बसवलं. ते आकडा एकानं कमी करतं आणि शून्य झाला तरच मेमरी सोडतं. मोकळं करण्याचं दुसरं एक फंक्शनही हा आकडा पाळतं, पण ते पॅकेट टाकून दिल्याची नोंद करतं. इथे पॅकेट टाकून दिलेलं नव्हतं, नीट वापरून संपलेलं होतं. एवढा फरकही जपला गेला, आणि मला या दुरुस्तीत सर्वांत आवडतं ते हेच.

ही चूक दहा वर्षं कुणाच्या नजरेला का पडली नाही? कारण वाचताना दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर दिसतात. म्हणूनच ती सापडली माणसाच्या वाचनातून नव्हे, सिझकॉलर या साधनामुळे. गूगलमध्ये दिमित्री व्युकोव यांनी सुरू केलेला हा प्रोग्रॅम कर्नलला सिस्टिम कॉलच्या चित्रविचित्र माळा देत राहतो आणि कोणत्या माळेनं कोडचा नवा भाग चालला ते पाहून पुढच्या माळा घडवतो. त्याच्या जोडीला असतो केसॅन, मेमरीतल्या चुका पकडणारं साधन, जो २०१५च्या ४.० आवृत्तीत कर्नलमध्ये आला. मेमरीच्या दर आठ बाइटांमागे तो एक बाइट राखून ठेवतो आणि त्या आठांतले किती बाइट वापरण्याजोगे आहेत ते तिथे टिपतो. मोकळी झालेली जागा तो लगेच दुसऱ्याला देत नाही, काही काळ बाजूला ठेवतो, म्हणजे कुणी चुकून तिला हात लावला तर पकडता येतं. मग अहवालात तीन वाटा छापल्या जातात: जागा कुणी घेतली, कुणी सोडली आणि सोडल्यावर कुणी शिवली. दुरुस्तीला बसणारा माणूस या तीन वाटा शेजारी ठेवून वाचतो.

अहवाल हातात आला म्हणजे दुरुस्ती झाली असं मात्र नाही. जिथे मशीन कोसळलं तिथे पत्ता रिकामा आहे का एवढं तपासून पुढे जाण्याचा मोह सगळ्यांना होतो. तेवढ्यानं चाचणी शांत होते आणि मूळ चूक तशीच राहते. नेटवर्किंगचे सांभाळकर्ते, एरिक ड्युमाझेट, याकुब किचिन्स्की आणि त्यांचे सहकारी, अशा पॅचला, म्हणजे पाठवलेल्या दुरुस्तीला, सहसा पहिला प्रश्न विचारतात: हा पत्ता इथवर अशा अवस्थेत आलाच कसा? पॅचच्या वर्णनात 'फिक्सेस' अशी एक ओळ अपेक्षित असते. मुळात ज्या बदलानं चूक आत आणली, त्याची ओळख तिथे द्यायची. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला आधी चुकीचा जन्म शोधावा लागतो. जुन्या स्थिर आवृत्त्यांपैकी कुठे कुठे ही दुरुस्ती न्यायची, तेही त्या ओळीवरून ठरतं.

कधी कधी उत्तम दुरुस्ती म्हणजे खोडणं. नेटफिल्टरमध्ये, म्हणजे कर्नलच्या फायरवॉल विभागात, ३२ बिटांचे नियम ६४ बिटांच्या मांडणीत उतरवताना शेवटची रिकामी जागा शून्यांनी भरली जाई. ती शून्यं काही वेळा घेतलेल्या जागेच्या हद्दीपलीकडे पडत. पंधरा वर्षांची ही चूक अँडी न्युयेन यांनी २०२१मध्ये जगासमोर मांडली. मोजून चार-दोन शून्यं, पण तेवढ्यावर त्यांनी रूटपर्यंतची वाट काढून दाखवली. दुरुस्तीत हद्द तपासणारी नवी अट घातली गेली नाही. शून्यं भरणारा तो कोडच काढला आणि सगळी जागा सुरुवातीलाच एकदम शून्य केली. डीसीसीपीचंही पुढे तेच झालं: सांभाळायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून २०२५मध्ये, ६.१६ आवृत्तीत, तो अख्खा प्रोटोकॉल लिनक्समधून काढून टाकला गेला. कुणी वापरत नसलेला कोड हल्लेखोराला मात्र उपयोगी पडतो. त्यामुळे मला हा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो.

एकेक चूक दुरुस्त करत बसण्यापेक्षा मोजणीच पक्की करण्याचं काम जास्त मोलाचं आहे. २०१७मध्ये एसकेबीचा आकडा साध्या पूर्णांकाऐवजी रेफकाउंट या नव्या प्रकारात गेला. हा आकडा ओसंडून पुन्हा शून्यावर येत नाही, वरच्या टोकाला अडकून राहतो, आणि शून्यावरून वाढवू पाहणाऱ्याला इशारा मिळतो. पण डीसीसीपीची चूक यानं अडली नसती, कारण तिथे आकड्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

उलट्या जातीची चूक, म्हणजे घेतलेलं परत न करणं, नेटवर्क डिव्हाइसांच्या बाबतीत वर्षानुवर्षं छळत होती. कंटेनर बंद करताना कर्नल थबके आणि लॉगमध्ये पुन्हा पुन्हा लिही, की डिव्हाइस मोकळं होण्याची वाट पाहतोय, वापर संख्या एक. ही एक कुणाची, ते समजायला मार्ग नसे. आकडा सांगतो किती, पण कोण ते सांगत नाही. ड्युमाझेट यांनी यासाठी रेफ-ट्रॅकर लिहिला, आणि तो २०२२च्या ५.१७ आवृत्तीत आला. चाचणीच्या कर्नलमध्ये तो चालू केला, की डिव्हाइस धरणाऱ्या प्रत्येकाला वेगळी पावती मिळते, आणि सोडताना तीच पावती परत करावी लागते. एक पावती दोनदा परत केली, तर तिथल्या तिथे इशारा येतो. परत न आलेल्या पावतीवर ती कोडच्या कोणत्या ओळीवर घेतली गेली तेही लिहिलेलं असतं. त्यानंतर नेटवर्किंगच्या एकेका कोपऱ्यात जाऊन जुने धरा-सोडाचे कॉल या पद्धतीत बदलण्याचं काम सुरू झालं. किचकट आणि वेळखाऊ काम आहे. एका फाइलमध्ये डिव्हाइस धरलं जातं, दुसऱ्या फाइलमध्ये सोडलं जातं आणि मधली पावती कोणत्या रचनेत ठेवायची, हे दर ठिकाणी नव्यानं ठरवावं लागतं.