जीवनशैली-नाममुद्रा

जीवनशैली-नाममुद्रा : उद्योगसंस्थेचे नाव वा चिन्ह ग्राहकाला तिच्या वस्तूचा केवळ उगम व दर्जा न सांगता राहणीची, अभिरुचीची आणि मूल्यांची एक विशिष्ट पद्धती सूचित करू लागले, म्हणजे त्यास जीवनशैली-नाममुद्रा म्हणतात. व्यवहारात ‘लाइफस्टाइल ब्रँड’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. अशा नावाची वस्तू घेताना ग्राहक दोन गोष्टींचे मूल्य देतो : एक वस्तूच्या उपयोगाचे व दुसरे त्या नावाच्या आधारे स्वतःविषयी जे सांगता येते त्याचे. नावाला असा अर्थ जोडण्याचा प्रयत्न कंपनी करू शकते; तो मान्य करणे वा नाकारणे मात्र ग्राहकांच्या हाती असते. त्यामुळे कंपनीने स्वतःस जीवनशैली-नाममुद्रा म्हणवून घेणे आणि ग्राहकांनी तिला तसे मानणे, या दोन भिन्न बाबी होत.

संकल्पनेचा विकास : वस्तू ही उपयोगाबरोबरच प्रतिष्ठेचेही साधन असते, हा विचार अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये प्रदर्शनी उपभोगाच्या विवेचनात मांडला. समाजातील प्रतिष्ठासमूह उत्पन्नापेक्षा राहणीच्या पद्धतीवरून ओळखले जातात, असे माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञांचे प्रतिपादन होते. विपणनशास्त्रात सिडनी लेव्ही यांनी १९५९ मध्ये, वस्तू त्यांच्या उपयोगाइतक्याच त्यांच्या अर्थासाठी विकत घेतल्या जातात, ही भूमिका मांडली. १९६३ मध्ये विल्यम लेझर यांनी जीवनशैली ही संकल्पना विपणनात आणली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बूर्द्य यांनी १९७९ मध्ये अभिरुची ही वैयक्तिक दिसली, तरी ती वर्गभेद टिकवून धरते, असे दाखविले. रसेल बेल्क यांनी १९८८ मध्ये माणसाच्या मालकीच्या वस्तू त्याच्या ‘स्व’चा विस्तार ठरतात, असा सिद्धांत मांडला.

नाममुद्रेचे स्तर : सर्व प्रसिद्ध नावे जीवनशैली दर्शवीत नाहीत. सोलापूर परिसरातील दोन उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट होतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे लोहमार्गावरील जंक्शन असून तेथून गदगकडे जाणारा फाटा निघतो. तेथे अल्ट्राटेक कंपनीचा सिमेंट कारखाना आहे. घर बांधणारा माणूस सिमेंट घेताना पोत्यावरील नाव पाहतो, कारण दर्जाची परीक्षा त्याला स्वतः करता येत नाही. येथे नाव हे हमीचे काम करते. परंतु भिंतीला गिलावा झाला, की ते नाव दृष्टीआड होते; अमुक सिमेंटचे घर म्हणून कोणी आपली ओळख सांगत नाही. हा नाममुद्रेचा पहिला, म्हणजे विश्वासाचा स्तर होय.

सोलापुरी चादरीचे उदाहरण दुसऱ्या स्तराचे आहे. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी स्थापन झाली आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या कौशल्यावर हातमागाचा व पुढे यंत्रमागाचा धंदा वाढला. जकार्ड यंत्रणेवर विणलेल्या नक्षीदार, टिकाऊ सुती चादरीमुळे शहराचे नाव देशभर झाले. हे नाव कोणा एका कंपनीचे नाही; ते गावाचे व तेथील कसबाचे आहे. त्यामुळे अन्यत्र विणलेल्या चादरीही ‘सोलापुरी’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या. भौगोलिक निर्देशनांविषयीचा १९९९ चा अधिनियम २००३ मध्ये अंमलात आल्यावर नोंदणी झालेल्या देशातील सुरुवातीच्या वस्तूंत सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल यांचा समावेश होता. नोंदणीने नावास कायद्याचे संरक्षण मिळाले. तथापि कायदा नावाची चोरी रोखू शकतो. त्या नावास नवा अर्थ देऊ शकत नाही. सोलापुरी चादर टिकाऊपणासाठी घेतली जाते, ती पांघरणारा माणूस विशिष्ट प्रकारे जगतो असे तिच्यावरून कोणी मानत नाही.

तिसरा स्तर जीवनशैलीचा. दिल्लीची फॅबइंडिया ही संस्था जॉन बिसेल यांनी १९६० मध्ये हातमागाच्या कापडाच्या निर्यातीसाठी स्थापन केली. पुढे तिच्या दुकानांतून मिळणारे कपडे शहरी सुशिक्षितांच्या एका वर्गाची खूण बनले. माल विणकरांचाच, पण नावाची जोपासना कंपनीने केली आणि नावाची मालकीही तिच्याकडेच राहिली. सोलापुरात नाव विणकरांचे आहे, परंतु त्याची जोपासना करणारी एक संस्था नाही. नावाच्या अर्थातून होणारी प्राप्ती कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न त्यामुळे कारागिरांच्या दृष्टीने केवळ सैद्धांतिक राहत नाही.

आवश्यक गुण : ग्राहक एखाद्या नावास जीवनशैलीचे प्रतीक मानू लागतात, तेव्हा पुढील गोष्टी सामान्यपणे आढळतात. (१) वस्तूचा दर्जा भरवशाचा असतो. तो नसेल, तर उरलेले सर्व काही पोकळ ठरते. पण केवळ दर्जा पुरेसा होत नाही. (२) वस्तूचा वापर इतरांना दिसतो. वाहन, वस्त्र, घड्याळ, पादत्राणे यांना त्यामुळे सिमेंटपेक्षा अधिक अनुकूलता असते. (३) संस्थेची काही मते वा आग्रह असतात आणि तिचा व्यवहार त्यांना धरून असतो. (४) वापरणाऱ्यांचा एक समुदाय तयार होतो व त्याचे मेळावे, प्रवास, शब्द आणि आठवणी निर्माण होतात. अमेरिकेतील हार्ली-डेव्हिडसन या १९०३ मध्ये स्थापन झालेल्या मोटारसायकल कंपनीने १९८३ मध्ये मालकांची संघटना सुरू केली. भारतात १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या एनफील्ड बुलेटभोवतीही असेच स्वारांचे समूह उभे राहिले. (५) मूळ वस्तूपलीकडे नाव नेता येते. मोटारसायकल नसलेला माणूसही त्या कंपनीच्या नावाचे जाकीट आवडीने घालतो. (६) हे नाव सर्वांसाठी नसते. जे नाव प्रत्येकाचे असते, ते कोणा एकाविषयी फारसे काही सांगत नाही.

शेवटच्या मुद्द्यास बजाज स्कूटरचे उदाहरण पूरक आहे. स्कूटर मिळविण्यासाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, अशा काळात ही पुण्यानजीक तयार होणारी स्कूटर मध्यमवर्गीय कुटुंबाची सोबती बनली. १९८९ च्या सुमारास दूरदर्शनवरून गाजलेल्या तिच्या जाहिरातीत कुटुंब आणि देश यांचीच भाषा होती. या नावाने वेगळेपण नव्हे, तर सर्वसामान्यपण गौरविले. म्हणून आपुलकी अपार असूनही ती रूढ अर्थाने जीवनशैली-नाममुद्रा म्हणता येत नाही. तथापि २०२० मध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरला ‘चेतक’ हेच जुने नाव दिले गेले, यावरून साठलेल्या आठवणींचे व्यापारी मूल्य ध्यानात येते.

किर्लोस्कर : ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात एका उद्योगाच्या नावाने राहणीचा अर्थ धारण केला होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून व्यवसायास आरंभ केला. लोखंडी नांगर व कडबा कापण्याचे यंत्र ही त्यांची प्रारंभीची उत्पादने होत. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे सुरुवातीस नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर कारखाना व वसाहत उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी.

१९२० मध्ये शं. वा. किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. उद्योगाची वार्ता देणे, हा त्याचा मूळ हेतू होता. लवकरच त्यात स्वावलंबन, विज्ञाननिष्ठा, आरोग्य, समाजसुधारणा इ. विषयांवरील मजकूर येऊ लागला आणि १९२९ पासून ते किर्लोस्कर या नावाने निघू लागले. त्यास स्त्री (१९३०) व मनोहर (१९३४) या मासिकांची जोड मिळाली. घराघरांतून वाचल्या जाणाऱ्या या मासिकांमुळे ‘किर्लोस्कर’ हा शब्द यंत्रावरील छापापुरता न राहता उद्यमशील, सुधारणावादी, नेटक्या मराठी संसाराचा निदर्शक झाला.

हे उदाहरण दोन कारणांनी उद्बोधक आहे. पहिले, नावामागे प्रत्यक्ष आचार होता : मासिकात श्रमप्रतिष्ठेचा पुरस्कार करणारी संस्था माळरानावर कामगारांसह गाव वसवीत होती. दुसरे, नांगर घेणारा शेतकरी आणि मासिके वाचणारे मध्यमवर्गीय कुटुंब हे बहुधा एकच नव्हते. जीवनशैली स्वीकारणारे व माल घेणारे असे दोन भिन्न वर्ग असल्याने आधुनिक अर्थाने हे चित्र पूर्ण जुळत नाही. पण त्यावरून असे दिसते, की नावाचा असा अर्थ दीर्घकाळच्या सातत्याने घडतो. विक्री वाढविणे हा त्याचा परिणाम असू शकतो, एकमेव हेतू असेलच असे नाही.

मर्यादा व टीका : जीवनशैली-नाममुद्रेवर मुख्य आक्षेप असा, की ती ‘काय करावे’ याऐवजी ‘काय विकत घ्यावे’ यातून माणसाची ओळख ठरविते. त्यामुळे ऐपत नसलेल्याला ती ओळखच नाकारली जाते आणि तरुणांवर तिचा ताण विशेष पडतो. दुसरा आक्षेप किंमतीविषयीचा आहे : वस्तूच्या मूल्यातील मोठा वाटा अर्थाचा असेल, तर तो ती घडविणाऱ्या हातांपर्यंत क्वचितच पोहोचतो. उलटपक्षी कंपनीसही या स्थानाची किंमत मोजावी लागते. दर्जातील चूक ग्राहक एक वेळ क्षमा करतो. ज्या मूल्यांवर त्याने आपली ओळख बेतली, त्यांच्याशी विसंगत वर्तन झाल्यास मात्र त्यास स्वतःचीच फसवणूक झाल्यासारखे वाटते. ग्राहकांनी दिलेला अर्थ ग्राहकच परत घेऊ शकतात. म्हणून कायद्याच्या दृष्टीने नाममुद्रा कंपनीच्या मालकीची असली, तरी तिचा अर्थ हा वस्तुतः तिच्याकडे सोपविलेला ठेवाच असतो.