ख्रिस्ती शांततावाद आणि चर्च-राज्यसंस्था संबंध : मिरी येथील ख्रिस्त सेवा संघाच्या विशेष संदर्भात

ख्रिस्ती शांततावादाचा विचार सामान्यतः शास्त्रवचनांच्या आधारे केला जातो. येशूचे डोंगरावरील प्रवचन प्रतिकार न करण्याची शिकवण देते, तर पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात राज्यसत्तेच्या आज्ञापालनाचा उपदेश आढळतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न जुना आहे. परंतु चर्चची भूमिका केवळ वचनांच्या अर्थनिर्णयावर ठरत नाही. चर्चचे राज्यसंस्थेशी असलेले कायदेशीर व आर्थिक नातेही ती ठरवीत असते. पहिल्या तीन शतकांत सत्तेबाहेर असलेल्या चर्चमधील टर्टुलियन, ओरिजेन यांसारख्या विचारवंतांनी ख्रिस्ती माणसाने शस्त्र धरण्यास विरोध केला. इ. स. 313 नंतर चर्चला राजाश्रय मिळत गेला आणि पुढे ऑगस्टीनच्या लेखनात न्याय्य युद्धाचे समर्थन आले. सोळाव्या शतकातील अॅनाबाप्टिस्ट व सतराव्या शतकातील क्वेकर यांनी शस्त्रत्याग पुन्हा स्वीकारला. हे दोन्ही पंथ राजमान्य चर्चच्या बाहेरचे होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या दृष्टीने अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील एक उदाहरण अभ्यासनीय ठरते. एस. पी. जी. मिशनचे जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये मिरी या गावी काही भारतीय ख्रिस्ती सहकाऱ्यांसह 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. 1919 च्या जालियनवाला बाग हत्याकांडाने ते व्यथित झाले होते. भारतीय व युरोपीय यांनी आश्रमात समान पातळीवर, साधेपणाने राहावे, हा संघाचा हेतू होता. मिरीतील तो प्रयोग लहानसा होता. पण लष्करी छावणीच्या शहरापासून काही कोसांवर तो व्हावा, यातील विसंगती अर्थपूर्ण वाटते.

विन्स्लो ज्या अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू होते, ते भारतात केवळ एक धर्मसंस्था नव्हते. त्याचा इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी कायदेशीर संबंध होता आणि सरकारी धर्मखात्यातील पाद्र्यांचे वेतन भारताच्या महसुलातून दिले जाई. हा कायदेशीर संबंध 1927 च्या इंडियन चर्च कायद्यान्वये तोडण्यात येऊन 1 मार्च 1930 पासून ही व्यवस्था अमलात आली. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, 12 मार्च रोजी, दांडी यात्रेस आरंभ झाला. हा योगायोगच म्हणावा लागेल. कागदावर स्वायत्त झालेल्या चर्चपुढे मात्र लगेच कसोटीचा प्रश्न उभा राहिला.

1927 मध्ये संघात दाखल झालेले व्हेरियर एल्विन यांनी पुण्याच्या आश्रमातून या प्रश्नाला स्पष्ट उत्तर दिले. 'क्राइस्ट अँड सत्याग्रह' (1930) या पुस्तिकेत त्यांनी सत्याग्रहाला ख्रिस्ती श्रद्धेचे अधिष्ठान असल्याचे प्रतिपादन केले. शांततावाद म्हणजे केवळ शस्त्राला नकार, असे मानल्यास तो राज्यसत्तेला फारसा अडचणीचा ठरत नाही. सत्याग्रहात मात्र अन्याय्य कायदा मोडून शिक्षा स्वीकारावी लागते. तेथे आज्ञापालनाचा प्रश्न टाळता येत नाही. अशा वेळी 'चर्चने राजकारणात पडू नये' हा तटस्थतेचा आग्रह प्रत्यक्षात प्रस्थापित सत्तेच्याच पारड्यात पडतो. कारण ज्या संस्थेच्या शाळा सरकारी अनुदानावर चालतात, तिचे मौनही एका पक्षाचे असते. अर्थात त्या काळातील सर्वच मिशनरी सत्तेचे समर्थक होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विदेशी मिशनऱ्यांना राजकारणापासून अलिप्त राहण्याची लेखी हमी द्यावी लागे, आणि ती मोडल्यास शाळा-रुग्णालयांचे काम धोक्यात येण्याची भीती खरी होती.

एल्विन 1931 मध्ये संघातून बाहेर पडले. 1932 च्या आरंभी वायव्य सरहद्द प्रांतात खुदाई खिदमतगारांवर झालेल्या दडपशाहीची माहिती घेण्यासाठी ते तेथे गेले असता त्यांना प्रांताबाहेर काढण्यात आले. त्याच वर्षी ते इंग्लंडला गेले असताना, भारतात परतण्यास परवानगी देण्यापूर्वी सरकारने त्यांच्याकडून राजकीय चळवळीत भाग न घेण्याची लेखी हमी मागितली. एल्विन यांनी ती लिहून दिली आणि ते शामराव हिवाळे यांच्यासह मध्य प्रांतातील गोंडांमध्ये कार्य करीत राहिले.