फर्मा विकत घ्यावा की घरी करावा?

सुतारकामाचा छंद नव्याने जडलेल्या मनुष्याला रंधा आणि पटाशी यांना धार लावणे साधते न साधते तोच जिगांचा बाजार त्याला खुणावू लागतो. आणि लाकूड ठरावीक कोनात धरून हत्याराला वाट दाखवणारे जे साधन आपले कारागीर फर्मा म्हणून स्वहस्ते करीत आले, त्याचीच चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची आवृत्ती पाहून बिनचूकपणा हा विकत मिळणारा जिन्नस आहे अशी त्याची समजूत होऊन बसते. या विषयातील सर्व गैरसमजांत मला हाच अधिक घातक वाटतो.

वस्तुतः बिनचूकपणा किमतीत नसून पडताळ्यात असतो. टेबलावरच्या गोल करवतीवर फळी काटकोनात कापण्यासाठी वापरतात ती सरकती पाटी, म्हणजे क्रॉसकट स्लेड, १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड, टेबलाच्या खाचांत बसणाऱ्या दोन सागवानी पट्ट्या आणि लाकूड टेकवण्याची एक सरळ आडपट्टी, एवढ्या भांडवलावर तयार होते. तिचा काटकोन नुसता गुण्या लावून तपासणे पुरेसे नाही, कारण केसाएवढी कसर डोळ्यांना दिसत नाही. त्याकरिता पाच कापांची रीत आहे. चौरस फळीची एक बाजू कापावी, कापलेली कड आडपट्टीला टेकवून पुढची बाजू कापावी, आणि अशा चारही बाजू झाल्यावर पाचव्या कापात पहिल्या बाजूची बोटभर रुंद पट्टी काढून घ्यावी. प्रत्येक वळणाला कोनातली चूक साठत गेल्यामुळे ती या पट्टीच्या दोन टोकांच्या रुंदीत चौपट होऊन प्रकट होते. ४०० मिलिमीटर लांबीच्या पट्टीत ०.४ मिलिमीटरचा फरक भरला, तर प्रत्यक्ष कसर त्या लांबीमागे ०.१ मिलिमीटर आहे असे समजावे, आणि आडपट्टीचा एक स्क्रू कायम ठेवून त्यापासून ४०० मिलिमीटरवरची तिची बाजू साध्या कागदाच्या जाडीइतकी सरकवावी. भरपूर रोकड मोजून मी घेतलेली एक कोनमापी या परीक्षेत उतरली नाही. घरच्या पाटीची कसर मात्र तिसऱ्या दुरुस्तीनंतर मोजण्याजोगी राहिली नाही.

लाकूड हवा खाते, सबब घरचा फर्मा पावसाळ्यात बिघडणारच, हा आक्षेप अर्धसत्य आहे. ओले सागवान पूर्ण कोरडे होईपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आक्रसते. तंतूंच्या लांबीत हा फरक नगण्य असतो. म्हणून खाचेत सरकणारी पट्टी अशी चिरावी की टोकाकडून पाहता वलयांच्या रेषा उभ्या दिसतील. मग श्रावणातही ती सहसा अडकत नाही. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते पुष्कळच स्थिर राहते. एमडीएफही सपाट असते खरे, पण कोकणातल्या दमट हवेत त्याच्या कडांना लाखेचा हात दिल्यावाचून त्यावर भरवसा ठेवू नये.

याच्या उलट, सर्व काही घरीच करावे असा हट्ट धरणारेही चुकतात. तिरक्या छिद्रांतून स्क्रू बसवण्याचा जो पॉकेट होल सांधा, त्याच्या फर्म्यात ड्रिलला वाट देणारी कठीण पोलादी नळी हेच मर्म असते. तेथे लाकडाचे नुसते भोक ठेवले, तर फिरत्या पात्याने ते लवकरच रुंदावते आणि कोन ढळतो. डोव्हटेलच्या सांध्यासाठी राउटरला लागणारी, समान अंतरावर बोटे कापलेली पट्टीही हाताने बिनचूक करणे दुष्कर आहे. जेथे पाते फर्म्याला घासते तेथे पोलाद हवे आणि ते विकत घ्यावे. जेथे फर्मा केवळ लाकडाला आधार देतो तेथे तो घरी करावा, अशी माझी वहिवाट आहे. घरचा फर्मा फुकट पडतो हेही खरे नव्हे, त्यात निदान एक दुपार जाते; एकाच कपाटापुरते काम असेल तर गुण्या आणि हातकरवत पुरते.

एका बाबतीत मात्र काटकसर मुळीच करू नये. पाटी पुढे ढकलताना करवतीचे पाते आडपट्टीच्या मागून, म्हणजे नेमके जेथे अंगठा असतो तेथून, बाहेर येते. तेथे एक जाड ठोकळा सरसाने पक्का चिकटवावा, त्यात स्क्रू किंवा खिळा घालू नये, आणि त्यावर तांबड्या रंगाचा ठळक पट्टा ओढून मगच पहिला काप घ्यावा.