अस्वलाच्या शिकारीत नेम नेमका कुठे धरतात? आणि 'बार न काढणं' हेच खरं कौशल्य का मानतात?

नोव्हेंबर १९०२. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट मिसिसिपी राज्यात काळ्या अस्वलाच्या शिकारीला गेले होते. वाटाड्या होता होल्ट कॉलियर, गुलामगिरीत जन्मलेला आणि अस्वलाच्या शिकारीत नाव कमावलेला माणूस. त्याच्या कुत्र्यांनी एक अस्वल घेरलं. कॉलियरनं बंदुकीच्या दस्त्याचा तडाखा देऊन त्याला लोळवलं, झाडाला बांधलं आणि राष्ट्राध्यक्षांना बोलावणं धाडलं.

रुझवेल्टनी बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला साफ नकार दिला. यावर 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये क्लिफर्ड बेरीमनचं व्यंगचित्र आलं, ते पाहून ब्रुकलिनच्या मॉरिस मिक्टम या दुकानदारानं कापडी अस्वल विकायला ठेवलं आणि 'टेडी बेअर' जन्माला आला.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पुढची सहसा कुणी सांगत नाही. ते अस्वल इतकं जखमी होतं की त्याला यातनेतून मोकळं करा, असं रुझवेल्टनीच सांगितलं. शेवटी ते सुऱ्यानं मारलं गेलं.

म्हणजे गोळी न झाडताही ते जनावर हालहाल होऊनच गेलं. शिकारीच्या जगात आजही सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, की जनावर काही सेकंदांत मरणार की जखमी होऊन तासन् तास तडफडणार? आणि याचं उत्तर बहुतांशी एकाच गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे गोळी लागली कुठे.

आधी थोडं या अस्वलाबद्दल

अमेरिकन काळं अस्वल हे उत्तर अमेरिकेतलं अस्वल. जगातल्या बाकी सगळ्या जातींची अस्वलं एकत्र मोजली तरी याची संख्या त्यांच्यापेक्षा जास्त भरते. नाव काळं असलं तरी तपकिरी, दालचिनी रंगाची अस्वलंही याच जातीत सापडतात. अमेरिकेतल्या पंचवीसहून अधिक राज्यांत आणि कॅनडात परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात त्याची शिकार करता येते. बहुतेक राज्यांत परवान्याआधी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. नेम कुठे धरायचा आणि कधी धरायचा नाही, हा त्यातला महत्त्वाचा धडा असतो.

मग नेम धरतात कुठे?

सिनेमा पाहिलेला कुणीही सांगेल, डोक्यावर. प्रत्यक्षात तेच टाळायला शिकवतात. अस्वलाचा मेंदू लहान, कवटी उतरती आणि जाड, शिवाय डोकं सतत हलत असतं. गोळी थोडी चुकली तर जबडा फुटतो. असं अस्वल पळून जातं आणि खाता न आल्यामुळे उपाशी मरतं.

म्हणून लक्ष्य असतं छाती. पुढच्या पायांच्या आसपास, बरगड्यांच्या आत हृदय आणि दोन्ही फुप्फुसं असतात. हृदय लहान आणि खाली असतं, फुप्फुसांनी मात्र बरीच मोठी जागा व्यापलेली असते. गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली की रक्तदाब कोसळतो, मेंदूचा प्राणवायू तुटतो आणि जनावर काही सेकंदांतच बेशुद्ध पडतं.

पण या 'काही सेकंदां'त काय होतं बघा. काळं अस्वल ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास वेगानं पळू शकतं. म्हणजे दहा सेकंदांत सव्वाशे मीटरहून जास्त. अचूक गोळी लागलेलं अस्वलही दाट झाडीत दिसेनासं होऊ शकतं.

अस्वल फसवतं ते असं

हरणाच्या शिकारीची सवय असलेला माणूस अस्वलापुढे चुकतो. कारण अस्वलाचा आकार दिसतो तसा नसतो. पोटाखाली लांब केस लोंबत असतात. हिवाळ्याच्या झोपेसाठी खाऊन खाऊन अंगावर चरबी चढलेली असते. त्यामुळे खरं शरीर जिथे संपतं, त्याच्या बरंच खाली ते संपल्यासारखं वाटतं. दिसणाऱ्या आकारावरून खाली नेम धरला, तर गोळी नुसत्या केसांतून जाऊ शकते.

म्हणूनच अस्वलाच्या बाबतीत अनेक जाणते शिकारी पुढच्या पायाच्या लगेच मागे आणि शरीराच्या साधारण अर्ध्या उंचीच्या जवळपास नेम धरायला सांगतात.

दुसरी अडचण गोळी लागल्यानंतरची. चरबीनं जखमेचं तोंड बुजतं, दाट केस रक्त शोषून घेतात. जमिनीवर रक्ताचा माग जवळजवळ पडतच नाही. गोळी पोटात लागली असेल, तर जनावर कित्येक तास जिवंत राहतं आणि अनेकदा सापडतही नाही.

उभं कसं आहे, यावर सगळं ठरतं

आडवं उभं असेल तर: ही सगळ्यात चांगली संधी. त्यातही जवळचा पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत थांबायचं. पाय पुढे गेला की खांद्याचं हाड बाजूला होतं आणि छाती मोकळी होते.

तिरकं, तोंड पलीकडे असेल तर: हीसुद्धा चांगली स्थिती. इथे नेम जवळच्या खांद्याचा नसतो. गोळी आत शिरून पलीकडच्या खांद्याच्या दिशेनं जाईल, असा मार्ग मनात आखायचा असतो.

तिरकं किंवा सरळ समोर तोंड करून असेल तर: मध्ये खांद्याची जाड हाडं येतात आणि जागा अगदी कमी उरते. धनुष्यबाणानं शिकार करणाऱ्यांसाठी इथे सरळ नकार असतो. बाण पात्यानं कापून रक्तस्राव घडवतो, हाडावर आदळला तर आत पोचतच नाही.

पाठमोरं असेल किंवा मचाणाच्या थेट खाली असेल तर: थांबा. मागून मारलेली गोळी आधी आतड्यांत जाते, वरून मारलेली बहुधा एकाच फुप्फुसाला लागते. एका फुप्फुसावर अस्वल खूप लांब जाऊ शकतं.

आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न, सोबत पिल्लं आहेत का? पिल्लं असलेल्या मादीला मारणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे. पिल्लं अनेकदा मागे झाडीत किंवा झाडावर असतात आणि लगेच दिसत नाहीत.

बार झाला, आता?

लगेच धावत जायचं नाही. अस्वल कुठे उभं होतं, कुठल्या झाडापाशी दिसेनासं झालं, हे लक्षात ठेवायचं. निदान अर्धा तास थांबायचं, गोळी पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास. पडलेल्या अस्वलाजवळ मागच्या बाजूनं जायचं आणि लांब काठीनं डोळ्याला स्पर्श करायचा. पापणी हलली तर ते जिवंत आहे.

अलास्काच्या आग्नेय भागात तर नियमच असा आहे, की जखमी केलेलं अस्वल हाती लागलं नाही तरी ते तुमच्या कोट्यातून वजा होतं.

आमिषाचा वाद इथेच येतो

काही राज्यांत खाणं ठेवून अस्वलाला जवळ बोलावण्याची परवानगी आहे. विरोधक म्हणतात, ही शिकार नव्हे, फसवणूक आहे. समर्थक म्हणतात, अस्वल जवळ आणि शांत उभं असतं, पिल्लं आहेत का ते बघायला वेळ मिळतो, नेम चुकत नाही.

हा निवाडा थेट मतपेटीतून झाला. कोलोराडोच्या मतदारांनी १९९२ मध्ये आमिष, कुत्रे आणि वसंत ऋतूतली शिकार यांवर बंदी घातली. मेनच्या मतदारांनी मात्र अशी बंदी २००४ आणि २०१४ मध्ये अशी दोनदा फेटाळली.

आणि आपल्याकडे?

भारतात हा प्रश्नच उद्भवत नाही. मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलात दिसणारं आपलं अस्वल वेगळ्या जातीचं आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर ३ ते ७ वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो.

पण नेमाचा प्रश्न इथेही आहे. गावात शिरलेल्या अस्वलाला पकडायला भुलीचं इंजेक्शन डागतात, तेव्हा सगळं उलटं असतं. छाती, पोट आणि डोकं टाळायचं, औषध जाड स्नायूत गेलं पाहिजे. चरबीत गेलं तर ते रक्तात नीट मिसळत नाही आणि अस्वल अर्धवट शुद्धीत राहतं. भोवती मोबाईल घेऊन गर्दी जमलेली असते, अस्वल बिथरून पळत असतं आणि नेम धरणाऱ्याला स्थिर क्षण मिळत नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी असा व्हिडिओ तुमच्याकडे आला आणि खाली कुणी 'एवढा वेळ का लावतायत, डागा की' असं लिहिलेलं दिसलं, तर कारण लक्षात असू द्या. ती माणसं अस्वल नीट उभं राहण्याची वाट बघत असतात. अशा वेळी गर्दीनं मागे सरकणं ही सगळ्यात मोठी मदत असते.