‘गैर मुमकिन पहाड’ : अरवलीचे भवितव्य ठरवणारी महसुली नोंद

नवी दिल्ली : सातबाऱ्यावरील ‘पोटखराबा’ हा शब्द मराठी शेतकऱ्याला नवा नाही. जी जमीन नांगराखाली येत नाही, तिची ही नोंद. हरियाणाच्या जमाबंदीत अशाच जमिनीसाठी ‘गैर मुमकिन’ हा शब्दप्रयोग आहे आणि ‘गैर मुमकिन पहाड’ म्हणजे लागवड अशक्य असलेला डोंगर. राजधानीच्या दक्षिणेस गुरुग्राम व नूह जिल्ह्यांत पसरलेल्या अरवलीच्या टेकड्यांचे संरक्षण तीन दशकांहून अधिक काळ बऱ्याच अंशी या दोन-तीन शब्दांवर टिकून आहे.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ मे १९९२ रोजी काढलेल्या अधिसूचनेने तत्कालीन गुडगाव आणि राजस्थानातील अलवर या जिल्ह्यांत पूर्वपरवानगीखेरीज नवे खाणकाम, वृक्षतोड आणि बांधकाम यांना मनाई केली. ही मनाई कोठे लागू होणार, हे ठरवताना नकाशापेक्षा तलाठी दप्तराचा आधार घेतला गेला. गैर मुमकिन पहाड, गैर मुमकिन राडा, बंजर बीड, रूंध अशी नोंद असलेली जमीन संरक्षित झाली. फरीदाबाद १९७९ मध्येच वेगळा जिल्हा झाला होता. अधिसूचनेत त्याचे नाव आले नाही. डोंगराची रांग सलग असली, तरी कायदा जिल्ह्याच्या हद्दीवर थांबला.

महसूल खात्याच्या लेखी या जमिनीतून पीक येत नाही, म्हणून तिची किंमत नगण्य. गावाचा हिशेब मात्र वेगळा होता. गुरे तेथेच चरत, सरपण तेथूनच येई, आणि भेगाळलेल्या गारगोटी खडकातून मुरणारे पावसाचे पाणी पायथ्याच्या विहिरींना पुरत असे. ही जमीन ‘शामिलात’, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची. आपल्याकडील गायरानाच्या जवळची. १९६१ च्या पंजाब ग्राम सामाईक जमीन कायद्याने ती पंचायतीकडे सोपवण्याची तरतूद केली होती. तरीही १९७० आणि ८० च्या दशकांत अनेक गावांत तिची वाटणी झाली. प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या शेतजमिनीच्या प्रमाणात ठरला. ज्याच्या नावावर शेत नव्हते, त्याला हिस्साही मिळाला नाही. चरणीचा हक्क अशा रीतीने विक्रीयोग्य भूखंड झाला आणि दिल्लीतील खरेदीदारांना तो मिळू लागला. भूमिहीन पशुपालकाचे सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर झाले. खाणी हा त्यानंतरचा अध्याय होता.

दिल्लीच्या इमारतींना लागणारी खडी आणि सिलिका वाळू याच टेकड्यांतून निघाली. भूजलपातळीच्याही खाली खोदकाम गेल्याने भूगर्भातील पाणी खाणींत उघडे पडले. फरीदाबादचा प्रसिद्ध बडखल तलाव या काळात कोरडा पडला. त्याच्या पाणलोटातील खाणकाम हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये निर्बंध घातले आणि ८ मे २००९ रोजी फरीदाबाद, गुडगाव व मेवात (आताचा नूह) येथील अरवलीतील खाणकाम पूर्णपणे थांबवले. बांधकामांची भूक मात्र थांबली नाही. अवैध उत्खनन रात्रीच्या डंपरांतून सुरू राहिले. जुलै २०२२ मध्ये नूहमधील तावडूजवळ असा डंपर रोखू पाहणारे पोलीस उपअधीक्षक सुरेंद्र सिंह त्याखाली चिरडले गेले. परवानगी असलेल्या खाणीही निर्धोक नव्हत्या. भिवानी जिल्ह्यातील दादम येथे १ जानेवारी २०२२ रोजी कडा कोसळून कामगार दगावले.

संरक्षणाचा दुसरा आधार १९०० चा पंजाब भूसंधारण कायदा हा आहे. तो सौम्य करणारी दुरुस्ती हरियाणा विधानसभेने फेब्रुवारी २०१९ मध्ये संमत केली. न्यायालयाने काही दिवसांतच तिच्या अंमलबजावणीस मज्जाव केला. जुलै २०२२ मध्ये, या कायद्याच्या कलम ४ खालील विशेष आदेश लागू असलेली जमीन वनच मानावी, असा निर्वाळाही दिला.

त्यानंतर प्रश्न आला व्याख्येचा. स्थानिक भूपातळीपासून किमान १०० मीटर उंच असेल तोच अरवलीचा डोंगर, ही समितीची व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी स्वीकारली. पाणी मुरवण्यासाठी उंचीची अट नसते, हा साधा आक्षेप लगेच पुढे आला, कारण राजधानीभोवतीच्या पुष्कळ टेकड्या याहून ठेंगण्या आहेत. निदर्शनांनंतर न्यायालयाने स्वतःहून दखल घेत २९ डिसेंबर रोजी त्या निर्णयाला स्थगिती दिली.

या साऱ्या वादात फरीदाबाद जिल्ह्यातील मांगर बनी अजून उभी आहे. ही देवराईच. गुदडिया दास बाबांच्या नावाने राखलेल्या या वनात फांदी तोडणेही गुर्जर वस्तीतील लोक निषिद्ध मानतात. धावड्याच्या कुळातील ‘धौ’ वृक्षांची दाट झाडी येथे टिकली, ती कोणत्याही अधिसूचनेच्या आधीपासून. महसुली कागदावर मात्र या परिसरातील जमिनीच्या मोठ्या भागाला आज खासगी मालक आहेत, आणि त्यांतील अनेकांचा गावाशी काहीही संबंध नाही.