पन्नाशीनंतरची पीएफ पेन्शन: अर्ज अडतो कुठे?

कारखाना बंद पडतो, कंपनी माणसं कमी करते, घरातल्या आजारपणापायी नोकरी सोडावी लागते आणि वय असतं बावन्न-त्रेपन्न. अशा वेळी हमखास ऐकू येतं, "पेन्शन ५८ला. तोवर काही मिळत नाही." हे चूक आहे. ईपीएस-९५ ही कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. तिच्यात दहा वर्षं सेवा झालेल्या सभासदाला नोकरी सुटल्यावर वयाच्या पन्नाशीपासून पेन्शन मागता येते. साडेनऊ वर्षं भरली असली तरी ती दहा धरतात.

मात्र ही पेन्शन कमी दराची असते. ५८ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांसाठी वर्षाला ४ टक्के कपात. "५८ पूर्ण झाली की पूर्ण रक्कम सुरू होते" असं समजून अनेक जण अर्ज करतात आणि फसतात. ही कपात आयुष्यभराची आहे. समजा, ५८व्या वर्षी ३,००० रुपये मिळाले असते, तर ५५ला सुमारे २,६५० मिळतील आणि पुढेही तेवढेच. त्यात महागाई भत्त्याची वाढ नाही.

म्हणून लवकर घेणं तोट्याचंच, असंही नाही. वरच्याच उदाहरणात तीन वर्षांत सुमारे ९५ हजार रुपये आधी हाती येतात. महिन्याला साडेतीनशेच्या फरकाने ते फिटायला ऐंशीच्या आसपास वय होतं. माझं मत स्पष्ट आहे: दुसरं उत्पन्न नसेल, तर उगाच थांबू नका. पण पुन्हा पीएफ लागू असलेली नोकरी मिळण्याची शक्यता असेल, तर घाई करू नका. एकदा ही पेन्शन सुरू झाली की नव्या नोकरीतली वर्षं पेन्शनच्या हिशेबात येत नाहीत.

"अर्ज फेटाळला म्हणजे हक्कच नाही" हा सगळ्यात घातक गैरसमज. पुष्कळदा हक्क शाबूत असतो, नोंद चुकलेली असते. यूएएनच्या पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्ट्री' उघडा. जुन्या कंपनीपुढे नोकरी सोडल्याची तारीखच नसते. दुसऱ्या कंपनीत रुजू झाल्याची तारीख पहिलीतून बाहेर पडण्याच्या आधीची दिसते. आधारवर नाव 'दत्तात्रय', पीएफला 'दत्तात्रेय'. मधल्या कंपनीचं खातं वर्गच केलेलं नसतं, त्यामुळे चौदा वर्षांची सेवा आठच दिसते. अधल्यामधल्या एखाद्या नोकरीनंतर फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढले असतील, तर मात्र ती वर्षं खरोखरच वजा होतात.

नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनेच भरली पाहिजे, असंही नाही. शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी सभासदाला ती आधारच्या ओटीपीवर स्वतः भरता येते. नाव किंवा जन्मतारीख दुरुस्त करायला जॉइंट डिक्लरेशन आहे. कंपनीला टाळं लागलं असेल, तर राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या मान्य व्यक्तीची सही घेऊन ते पीएफ कार्यालयात देता येतं. जुनी वेतनचिठ्ठी, नेमणुकीचं पत्र, पीएफची पावती अशा वेळी कामी येते. ती रद्दीत घालू नका.

नोंदी नीट झाल्यावरच पेन्शनचा फॉर्म १०-डी भरा. कमी दराची पेन्शन कोणत्या तारखेपासून हवी, ते त्यात विचारलेलं असतं. तो रकाना विचार करून भरा.

"खिडकीवर दाद मिळाली नाही की एजंटच गाठावा लागतो," हेही खोटं. अर्ज करायला शुल्क नाही. पूर्ण कागदपत्रांसह दिलेला दावा २० दिवसांत निकाली काढावा, असा नियम आहे. तसं झालं नाही तर ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास 'निधी आपके निकट' हे शिबिर जिल्ह्याजिल्ह्यात भरतं. तिथे कागद घेऊन अधिकाऱ्यासमोर बसता येतं. ज्यांना पोर्टल झेपत नाही त्यांना मी आधी तिथेच जायला सांगेन. फाइल नेमकी कुठे थांबली आहे, हे विचारायला माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्जही चालतो. तरीही काही हललं नाही, तर ग्राहक आयोग आहे. पीएफचा सभासद हा ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटलं आहे.

गावी परतलेल्यांसाठी आणखी एक. पेन्शन नोकरीच्याच शहरातल्या बँकेत घ्यावी लागेल, या भीतीने काही जण अर्जच लांबवतात. १ जानेवारी २०२५ पासून ती देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत जमा होऊ शकते. ठाण्यात नोकरी केलेल्या माणसाने ती सावंतवाडीत घ्यायला काहीच हरकत नाही.

अर्ज फेटाळला गेला, तर कारण लेखी मागा आणि फक्त तेवढीच त्रुटी दुरुस्त करून पुन्हा भरा. आणि आपला पासवर्ड, ओटीपी कुणालाही, अगदी ओळखीच्या एजंटलाही देऊ नका.